चार रुपयांचा हिशेब

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेलो होतो तेव्हा नानांचं पासबुक भरून आणायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतलं मशीन खर्रर्र करत पान छापत होतं आणि मी उगाचच वाचत उभा होतो. पेन्शन जमा, लाईटबिल, गॅस, औषधाचं दुकान... आणि मध्ये मध्ये ८९ रुपये. परत ८९. मग १७९. एका तारखेला तर ओळीने तीनदा. पान उलटलं तर तिथेही तेच. चार महिन्यांची बेरीज केली, सव्वाअकरा हजार निघाली.

मला वाटलं, झालं! नानांना कुणीतरी फोनवरून गंडवलं. घरी आलो तो धापा टाकतच. नाना ओट्यापाशी भेंडी चिरत होते. पासबुक बघून शांतपणे म्हणाले, "छे रे, ते मीच घेतलेत. हिरे."

"कसले हिरे?"

"खेळातले. ते पैसे नव्हेत रे, हिरे आहेत."

आता तुम्हाला आमच्या नानांची ओळख करून दिली पाहिजे, नाहीतर या वाक्यातली गंमत (खरं तर गंमत कसली!) कळायची नाही. नानांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत हिशेब तपासले. घरी पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही असते, त्यात रोज रात्री जेवणानंतर खर्च लिहायचा. कोथिंबीर, रद्दी, देवळातल्या ताटात टाकलेला रुपया, सगळं. आई असताना ती चिडवायची की उद्या यमाने न्यायला माणूस पाठवला तर हे त्याचंही भाडं लिहून ठेवतील. मी ती वही काढून बघितली. चार महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. शेवग्याच्या शेंगा आहेत, रिक्षा आहे, न्हावी आहे. सव्वाअकरा हजारांपैकी एक रुपयाही नाही!

लपवलं म्हणावं, तर तसंही नव्हतं. विचारल्याबरोबर त्यांनी सांगितलं. त्यांच्या लेखी तो खर्चच नव्हता.

मला लगेच १९८७ साल आठवलं. मी सहावीत. एसटी स्टँडजवळ एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर आलं होतं. काळा पडदा, आत अंधार, चार-पाच मशिनं आणि रुपयाला एक डाव. आठवड्याभरात मी नानांच्या खुंटीवरच्या सदऱ्यातून चार रुपये काढले. एकेक करून, कुणाला कळणार आहे असं समजून. शनिवारी रात्री नानांनी वही मिटली आणि म्हणाले, "चार रुपये जुळत नाहीत." एवढंच. मारलं नाही, ओरडले नाहीत. जुळत नाहीत म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दोन मिनिटांत रडून सगळं सांगितलं.

म्हणजे चार रुपयांवरून मला पकडणारा माणूस, आणि त्याच्याच वहीतून सव्वाअकरा हजार गायब. पुण्याला परत येताना एसटीत डोक्यात तेवढंच होतं. मग पुढचे तीन-चार आठवडे रात्री जागून या धंद्याचा इतिहास वाचत बसलो. जे समजलं ते इथे मांडून ठेवतो.

सुरुवात नाण्यापासूनच करावी लागते. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो या गृहस्थांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. वरून शत्रूंच्या रांगा खाली सरकत येतात, आपण खालून गोळ्या झाडायच्या. एक फळी संपली की दुसरी. या खेळाला शेवट नाही, म्हणजे जिंकून घरी जाण्याची सोयच नाही. कितीही तरबेज असा, हरणार हे ठरलेलं. दुकानदाराचं गणित सरळ होतं. मशीन जितक्या लवकर मोकळं, तितकं पुढचं नाणं लवकर.

पुढे या गणितात सुधारणा होत गेली. १९८५ च्या 'गॉन्टलेट' या खेळात तुमची ताकद लढाईत तर जायचीच, पण नुसतं उभं राहिलात तरी घड्याळाबरोबर कमी व्हायची. ती वाढवायची तर खेळातलं अन्न शोधा, नाहीतर आणखी एक नाणं टाका. १९९० च्या 'डबल ड्रॅगन ३' मध्ये तर खेळाच्या आतच दुकान होतं. हत्यार हवं? नवा डावपेच हवा? खरं नाणं टाका आणि घ्या. आज ज्याला आपण 'इन-अ‍ॅप खरेदी' म्हणतो ती मोबाईल यायच्या कितीतरी आधी लाकडी खोक्यात येऊन बसली होती. म्हणजे पूर्वीचे लोक भोळे आणि आत्ताचे लबाड, असलं काही नाही.

पण एक फरक होता. ते नाणं माझ्या मुठीत असायचं. घामाने ओलं व्हायचं. फटीत टाकलं की खण्णकन आवाज यायचा आणि खिसा तेवढा हलका व्हायचा. चार रुपये गेले हे मलाही कळत होतं आणि नानांच्या वहीलाही. शिवाय मशीनला माझ्याबद्दल काय माहीत होतं? काही नाही. रात्री मालक पेटी उघडून नाणी मोजायचा. त्यातली चार माझी की आणखी कुणाची, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

या दोन गोष्टी, खर्च झाल्याचं जाणवणं आणि खेळणाऱ्याचं अनोळखी असणं, एकेक करून कशा काढून घेतल्या गेल्या, याचाच इतिहास म्हणजे या धंद्याचा इतिहास, असं मला वाटायला लागलंय.

दुसरा धागा पुन्हा जपानचाच. तिथे १९६० च्या दशकापासून रस्त्यावर खेळण्यांची मशिनं आहेत. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, प्लास्टिकच्या गोळ्यातून एक खेळणं खाली पडतं. कोणतं, ते नशीब. १९७७ साली बांडाई ही मोठी कंपनी या धंद्यात उतरली. मूठ फिरण्याच्या आणि गोळा पडण्याच्या आवाजावरून याला गाचापोन म्हणतात, त्याचंच पुढे 'गाचा' झालं. २०१० च्या सुमारास मोबाईलवरच्या खेळांनी ही कल्पना उचलली आणि तिला एक पाचर मारली, 'कॉम्पू गाचा', म्हणजे पूर्ण संचाचा गाचा. ठरलेली सगळी चित्रं जमवलीत तरच मोठं बक्षीस.

आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पुड्यात क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची, तसंच हे. पण यातलं गणित बघा. दहा चित्रं आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे असं धरू. पूर्ण संच जमायला दहा-पंधरा वेळा पुरे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सरासरी २९ वेळा लागतात, आणि त्यातल्या १० फक्त शेवटच्या एका चित्रासाठी. नऊ जमली की माणूस म्हणतो, आता एकच राहिलंय, इथे थांबणं मूर्खपणा. नेमकं तिथेच सगळ्यात जास्त पैसे जातात. आणि हे झालं शक्यता सारख्या असताना. खेळवाले तर मोक्याची चित्रं मुद्दाम दुर्मीळ ठेवायचे.

मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक खात्याने सांगितलं की हा प्रकार कायद्यात बसत नाही. मौज म्हणजे त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. चित्रं जुळवून बक्षीस द्यायच्या जुन्या युक्तीवर तिथे आधीपासूनच बंदी होती, तीच मोबाईलला लागू केली. ग्री आणि डीएनए या तिथल्या मोठ्या खेळ-कंपन्यांचे शेअर धडाधड कोसळले. संचाचा गाचा बंद झाला, साधा गाचा मात्र राहिला आणि जगभर पसरला.

तोपर्यंत अमेरिकेत तिसरीच तऱ्हा निघाली होती. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीने फेसबुकवर 'फार्मव्हिल' आणला. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे वांगी लावली असतील, मीही लावली होती. ऐन भरात महिन्याला आठ कोटींहून जास्त लोक हा खेळ खेळत. खेळ फुकट होता, पण पीक लावलं की ठरावीक वेळेत काढायला परत यावं लागायचं, नाहीतर ते वाळून जायचं. ऑफिसात बसून माझा जीव वांग्यांपाशी असायचा. आमचे आजोबा खरी शेती करायचे, तेसुद्धा इतके अस्वस्थ नसत! थांबायचं नसेल तर पैसे द्या, नाहीतर मित्रांना मदतीला बोलवा. म्हणजे आधी तुमची अडचण तयार करायची आणि मग तिच्यावरचा उतारा विकायचा. नानांच्या खेळात पाच जीव असतात. ते संपले की एकतर वाट बघा, नाहीतर हिरे मोडा. ही त्याच वांग्यांची नात.

इयन बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापकाला या सगळ्याचा इतका वैताग आला की त्याने २०१० मध्ये थट्टा म्हणून 'काऊ क्लिकर' बनवला. त्यात एक गाय. तिच्यावर सहा तासांतून एकदा बोट टेकवायचं. बस्स, दुसरं काही नाही. घाई असेल तर पैसे देऊन वेळ कमी करा. लोक हसतील आणि शहाणे होतील असं त्याला वाटलं होतं. हजारो लोक मनापासून खेळायला लागले. शेवटी कंटाळून सप्टेंबर २०११ मध्ये त्याने गायी नाहीशा केल्या, नुसती रिकामी जागा ठेवली. काहीजण त्या रिकाम्या जागेवरही बोट टेकवत राहिले. हे वाचून मी आधी हसलो, मग मला वांगी आठवली.

याच काळात पैशाचं रूपही बदललं. अ‍ॅपल कंपनीने २००९ पासून फुकट अ‍ॅपच्या आतही खरेदीची सोय दिली. फेब्रुवारी २०११ मध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या एका आठ वर्षांच्या मुलीने 'स्मर्फ्स व्हिलेज' खेळताना स्मर्फबेरी नावाच्या फळांवर १४०० डॉलर उडवले. तिला कुठे माहीत की त्या बोरांना खरे डॉलर पडतात? एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं परत न विचारता हवी तेवढी खरेदी होत असे, आणि हे आईबापांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे २०१४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाबरोबरच्या तडजोडीत अ‍ॅपलने किमान सव्वातीन कोटी डॉलर पालकांना परत करायचं मान्य केलं.

बोरं काय, हिरे काय, काम एकच. पैशाची ओळख पुसायची. कॅसिनोत नोटांऐवजी चकत्या देतात ते याच कारणाने. ८९ रुपयांचे ऐंशी हिरे घेतले, एका डावाला बारा हिरे, तर डाव केवढ्याला पडला? नाना तोंडी हिशेबात पटाईत, त्यांनीही हा भागाकार कधी केला नव्हता. त्यात फोन मीच घेऊन दिलेला, त्यात खातंही मीच जोडलेलं, लाईटबिल भरायला सोपं पडावं म्हणून. अंगठा टेकवला की पैसे जातात. गावच्या म्हाताऱ्यांना अंगठ्याऐवजी सही करायला शिकवणारे नाना, उतारवयात स्वतः अंगठा लावत होते.

आता दुसरी गोष्ट, अनोळखी असण्याची. पार्लरच्या मालकाला मी कोण ते माहीत नव्हतं, फोनला सगळं माहीत असतं. ऑक्टोबर २०१० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापलं की फार्मव्हिलसह फेसबुकवरची लोकप्रिय अ‍ॅप्स खेळणाऱ्यांची ओळख जाहिरातवाल्यांपर्यंत पोचवतायत. डिसेंबर २०१३ मध्ये तर एका टॉर्चच्या अ‍ॅपचं प्रकरण बाहेर आलं. टॉर्च! अंधारात उजेड पाडणं एवढंच त्याचं काम. कोट्यवधी लोकांनी ते उतरवून घेतलं होतं आणि ते तुम्ही कुठे आहात हे जाहिरातवाल्यांना कळवत होतं. त्यात अटी मान्य की अमान्य असं विचारायचे खरे, पण तुम्ही उत्तर देण्याआधीच माहिती जायला सुरुवात झालेली असायची. जानेवारी २०१४ मध्ये स्नोडेनच्या कागदपत्रांतून कळलं की अमेरिकन आणि ब्रिटिश हेरखात्यांनीही अशा गळक्या अ‍ॅप्सवर नजर ठेवली होती, आणि त्यात उदाहरण म्हणून नाव होतं 'अँग्री बर्ड्स'चं.

पण माहिती बाहेर विकली जाते यापेक्षा ती आत कशी वापरतात, ते मला जास्त गंभीर वाटतं. तुम्ही किती वाजता उघडता, कुठल्या पातळीवर हरता, किती वेळा हरलात की चिडून बंद करता, कितव्या हाकेला परत येता, याची नोंद ठेवता येते. मग अर्ध्या लोकांना एक रूप दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि ज्यातून जास्त पैसे येतील ते ठेवायचं. बहुतेक लोक या खेळांवर एक पैसाही खर्च करत नाहीत, धंदा चालतो तो मूठभर लोकांवर. त्यांना या धंद्यात 'व्हेल' म्हणतात, हा शब्दही जुगाराच्या अड्ड्यांतूनच आलेला. असा देवमासा कुठे आहे हे शोधायला पाण्याची सगळी माहिती लागते.

आणि मशीनला माहिती असली आणि तुम्हाला नसली की काय होतं, त्याचं उदाहरण कोरियातलं. नेक्सॉन कंपनीच्या 'मेपलस्टोरी' या खेळात मे २०१० मध्ये 'क्यूब' नावाची वस्तू विकायला आली. पैसे देऊन ती वापरायची आणि आपल्या हत्याराला चांगले गुण मिळतात का ते नशिबावर बघायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने चांगले गुण निघण्याची शक्यता गुपचूप कमी केली. ऑगस्ट २०११ पासून तर काही सर्वाधिक हव्याशा जोड्यांची शक्यता शून्य केली. शून्य! लोक पैसे टाकत राहिले, जे निघणारच नव्हतं त्याच्यासाठी. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या आयोगाने कंपनीला सुमारे ११६० कोटी वॉन दंड केला. जत्रेतला चक्रीवाला लबाडी करतो हे आपण गृहीतच धरतो, पण तिथे निदान चार माणसं आजूबाजूला उभी असतात. इथे प्रत्येकजण आपापल्या पांघरुणात एकटा.

कायदा आपल्या चालीने येतोच आहे. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमने नशिबाच्या पेट्या विकणं म्हणजे जुगारच, असं ठरवलं. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सने अमेरिकेत ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याबद्दल, आणि साडेचोवीस कोटी फसव्या बटणांबद्दल. ही बटणं अशी की वस्तू नुसती बघताना शेजारचं बटण दाबलं गेलं तरी खरेदी होऊन जाई. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या तऱ्हांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला बंदी आहे.

हे सगळं चांगलंच आहे. पण आमचे नाना ऐंशीला टेकलेत. त्यांना कुणी खोटं बटण दाबायला लावलं नाही, कुणी शक्यता शून्य केल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. जे केलं ते त्यांनी समजून उमजून केलं, असंच कुठलाही वकील म्हणेल.

मागच्या शनिवारी परत साताऱ्याला गेलो आणि वर लिहिलंय ते सगळं त्यांना ऐकवलं, चांगलं तासभर. नानांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. कॉम्पू गाचाचं गणित मात्र कागदावर परत करून बघितलं आणि "बरोबर आहे" म्हणाले. मग मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "पण नाना, तुम्ही? तुमच्यासारख्या माणसाने?"

ते म्हणाले, "अरे, तुझी आई गेल्यापासून मला तीनला जाग येते. तीन ते साडेपाच काय करायचं? पेपर येत नाही, दूध येत नाही. ते आपलं उघडलं की 'परत आलात, बरं वाटलं' असं म्हणतं. दोन दिवस नाही गेलो तर विचारतं, कुठे होतात म्हणून."

मी काय बोलणार? ते विचारणं कुठल्या कारखान्यात तयार होतं ते मी त्यांना आत्ताच तर तासभर समजावलं होतं. ते त्यांना पटलंही होतं. पण दोन दिवस नाना गप्प आहेत हे त्या यंत्राच्या लक्षात येत होतं, आणि मी फोन करत होतो तो रविवारी, चालता चालता. त्यांना तीनला जाग येते हे मला दोन वर्षं माहीत नव्हतं. त्या कंपनीला पहिल्या आठवड्यात कळलं असेल.

खात्याची जोडणी मी काढून टाकली, त्यांच्यासमोर, त्यांना विचारून. खेळ मात्र ठेवलाय. जीव संपले की आता ते वाट बघतात. म्हणाले, "वाट बघायला मला काय, वेळच वेळ आहे."

निघताना बघितलं तर नाना वही उघडून बसले होते. पासबुक शेजारी ठेवून चार महिन्यांच्या सगळ्या नोंदी एकेक करून मागच्या पानावर उतरवत होते, तारीखवार, ८९, ८९, १७९. बेरीज झाल्यावर पेन वर धरून मला विचारलं, "हे कुठल्या खात्यात टाकू? किरकोळमध्ये टाकायला रक्कम मोठी आहे. करमणूक म्हणावं तर तसं नाही. औषधपाण्यात टाकू का?"

मला उत्तर सुचलं नाही. एसटीची वेळ झाली होती. तो रकाना त्यांनी पेन्सिलीने रिकामा ठेवलाय.

असो. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांचं पासबुक एकदा भरून आणा. आणि त्यांना रात्री जाग किती वाजता येते, तेही विचारा.